बहीगा हानिमचा वाईट शेजार

सोमवार, ६ मे १९९१. शुब्रा, कैरो.
सकाळपासून वाऱ्यात वाळू. खिडक्या बंद ठेवल्या. मुलुखियाच्या भाजीची पानं निवडली, देठ जून निघाले. भर दुपारी, सगळी इमारत झोपलेली असताना, पितळी खलबत्त्यात लसूण कुटला. लसणाची गरज नव्हती. नंतर फरशी पुसलेलं पाणी बाल्कनीतून खाली उम्म शाकिरच्या वाळत घातलेल्या चादरींवर ओतलं. मुद्दाम. उम्म शाकिर बाहेर आली आणि वर बघून म्हणाली, "हानिम, बादली जड होती का? मला हाक मारायचीत." उद्या पुन्हा प्रयत्न करणे.

सत्तरी ओलांडेपर्यंत जिने कुणाच्या दारात काडीसुद्धा टाकली नव्हती, त्या बहीगा हानिमला, म्हणजे बहीगा बाईसाहेबांना, रोजनिशीत हे लिहावं लागत होतं, आणि त्याला कारण होती समोरची इस्त्रीवाली इन्शिराह.

इन्शिराहचं दुकान म्हणजे बहीगा हानिमच्या बाल्कनीसमोरची एक खोली आणि पुढे फूटपाथचा तुकडा. दुकान तिच्या बापाचं, मुअल्लिम रदवानचं. जुन्या पद्धतीची पायाची इस्त्री होती त्याच्याकडे. जमिनीलगत बसवलेली बुटकी फळी, त्यावर लांब दांड्याची अवजड लोखंडी इस्त्री. दांडा हातात धरायचा, एक पाय इस्त्रीवर ठेवायचा, दुसऱ्यावर उभं राहायचं आणि सगळं अंग झुलवत कापडावरून ती ढकलायची. रदवानचे गुडघे गेले तेव्हा पोरगी जेमतेम सतरा वर्षांची होती. एके सकाळी तिने केसांना रुमाल बांधला, बापाला खुर्चीत बसवलं आणि स्वतः पाय लावला. बाईमाणूस एका पायावर उभं राहून पुरुषांचे जुब्बे इस्त्री करतंय हे बघायला गल्लीतले पुरुष गोळा झाले आणि हसले. इन्शिराह त्यांच्याहून मोठ्याने हसली. तेव्हापासून गल्लीत हसण्याच्या बाबतीत तिच्याशी कुणी बरोबरी केली नाही. ती हसली की कोपऱ्यावरचं कुत्रं उठून उभं राहायचं, आणि फळवाला वजन करता करता विसरायचा की काटा कुठे होता.

मशिदीच्या शेखसाहेबांचा काफतान आणि चर्चच्या पाद्रीबाबांचा काळा झगा तिच्याकडे एकाच दोरीवर शेजारी शेजारी टांगलेले असायचे. "दोघांचेही खिसे मी आधी झटकते," ती सांगायची. "दोघांच्यातही खजुराच्या बियाच निघतात. भांडण कशाचं आहे ते मला अजून कळलेलं नाही."

कापडावर पाणी शिंपडायला ती बाटली वापरत नसे. बापासारखीच तोंडात पाणी धरायची आणि फुर्रकन उडवायची, आणि दवासारखा फवारा पडायचा. नेमकं तोंडात पाणी असताना कुणी विनोद केला की गिऱ्हाईक भिजायचं.

असंच एकदा भिजलेलं गिऱ्हाईक म्हणजे रागिब. तो एका वकिलाकडे कारकून होता. कॉलर कडक, मिशी कोरलेली, बोलणं अर्जासारखं. सरळ "पाऊस आला" असं तो कधी म्हणाला नाही. "वरील विषयास अनुसरून पाऊस सुरू झाला आहे" असंच त्याच्या तोंडून यायचं. भिजल्यावर तो रागावला नाही, आणि तिथेच इन्शिराह फसली. तिला वाटलं, चला, हा तरी हसणाऱ्या बाईला भीत नाही. लग्नानंतर कळलं की त्याने तो राग फक्त नोंदवून ठेवला होता.

"बाईमाणसाने तोंड मिटून हसावं," हे रागिबचं पहिलं कलम. मग दुकान बंद करण्याचं दुसरं. संसार चारेक वर्षं रेटला. मूलबाळ झालं नाही. एका सकाळी तिच्या हातून त्याच्या शर्टाची बाही करपली आणि त्याने तलाक म्हणून टाकलं. त्याची कल्पना अशी की आता ही पाया पडेल. तिने करपलेली बाही बघितली, त्याच्याकडे बघितलं, आणि कपड्यांचं गाठोडं घेऊन बापाच्या दुकानामागच्या खोलीत परत आली. दुसऱ्या दिवशी गल्लीत तिचं हसणं ऐकू आलं आणि कोपऱ्यावरचं कुत्रं उठून उभं राहिलं.

ते हसणं रागिबच्या कानी गेलं. तिथून सगळं सुरू झालं.

त्याने पोलीस ठाण्यात तक्रार केली की इन्शिराहच्या इस्त्रीच्या धुरामुळे रहिवाशांचे श्वास कोंडतात. मग तक्रार केली की तिने त्याची पँट ठेवून घेतली आहे. पँट त्याच्याच कपाटात सापडली, तेव्हा तक्रार केली की पँट मुद्दाम आखूड करून परत केली आहे. मग केली की तो गल्लीतून जात असताना तिने त्याचा अपमान केला.

"काय शब्द वापरले?" ठाण्यातल्या अधिकाऱ्याने विचारलं.

"शब्द नव्हते. हसली."

"कशी हसली?"

रागिबने करून दाखवलं. त्यावर ठाण्यातले सगळे हसले, आणि कोठडीतला एक पाकीटमारसुद्धा. रागिब मात्र बाहेर येऊन पुढच्या अर्जाच्या तयारीला लागला.

ऐकायला मजा वाटते, पण प्रत्येक तक्रारीमागे इन्शिराहला दुकानाचं फळकूट खाली ओढावं लागायचं. दिवसभर ठाण्याच्या किंवा कोर्टाच्या बाकावर बसायचं, आणि संध्याकाळी कळायचं की तारीख पुढे गेली. रागिबचं काय जात होतं? कोर्ट हीच त्याची कचेरी होती. तो फायली घेऊन समोरून जाता जाता विचारायचा, "काय इन्शिराह, बरी आहेस? बाक टोचत नाही ना?"

आणि मग त्याने खरा डाव टाकला. तलाकनंतर नवऱ्याला शब्द मागे घेता येतो तो इद्दतचा तीनेक महिन्यांचा काळ सरायच्या आत त्याने कागदोपत्री तलाक मागे घेतला, तिला कळवलंसुद्धा नाही, आणि एका सकाळी बेलीफ नोटीस घेऊन दुकानात आला. नोटिशीत लिहिलं होतं की तिने नवऱ्याने घेतलेल्या घरी राहायला यावं. लोक त्याला आज्ञेचं घर म्हणतात. आता पोलीस बाईला हाताला धरून तिथे नेत नाहीत. पण ती गेली नाही आणि कोर्टात तिची हरकत टिकली नाही, तर तिच्या नावावर 'बंडखोर बायको' असा शिक्का बसतो. मग पोटगी नाही, सुटका नाही, आणि नवरा हवं तितकं झुलवायला मोकळा.

इन्शिराह रागिबच्या कचेरीच्या जिन्यात त्याला गाठून म्हणाली, "तुला मी नको आहे. मला तू नको आहेस. सोड ना बाबा."

रागिबने कॉलर नीट केली. "सोडतो की. उद्या. जर्दाळूत."

आपल्याकडे जर्दाळू येतात आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपतात. म्हणून जे कधीच द्यायचं नसतं ते माणसं 'उद्या, जर्दाळूत' द्यायचं कबूल करतात.

आता हे घर त्याने कुठे घ्यावं? बहीगा हानिमच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, बरोबर तिच्या घराखाली आणि इन्शिराहच्या दुकानासमोर. उगीच नव्हे. इन्शिराहची वकील वगीदा ही हानिमच्या धाकट्या बहिणीची विद्यार्थिनी. तिने हानिमच्या जेवणाच्या टेबलावर नोटीस पसरली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"कोर्ट तीन गोष्टी बघतं. घर स्वतंत्र आहे का? आहे. संसाराचं सामान आहे का? त्याने फ्रिजसुद्धा आणून ठेवलाय. आणि तिसरं, शेजारी सज्जन आणि विश्वासू आहेत का, बाईने हाक मारली तर धावून येतील असे. नोटिशीत त्याने लिहिलंय: 'सज्जन व विश्वासू शेजाऱ्यांच्या मध्ये.' आणि साक्षीदार दिलेत. एक पुरुष, दोन बायका. हाजी मितवल्ली, उम्म शाकिर आणि," तिने चष्मा खाली आणला, "तुम्ही."

"मला न विचारता?" हानिम म्हणाली.

"विचारायची गरजच काय? कोर्टात कुणालाही विचारा, शुब्रात यापेक्षा चांगले शेजारी मिळणार नाहीत. हीच तर पंचाईत आहे."

शेजारी तसे होतेच. हाजी मितवल्ली म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावरचा कबुतरवाला, कुणाचा पाइप फुटला की पाना घेऊन सर्वांत आधी हजर. तळमजल्यावरची उम्म शाकिर, शाकिरची आई, जिच्या घरी कुणाच्याही पोराला ताप आला की सूप शिजायचं. "पैगंबरांनी सातव्या शेजाऱ्यापर्यंत काळजी घ्यायला सांगितलंय," ती म्हणायची, "आणि आपण तर सहाच बिऱ्हाडं. एक जागा शिल्लकच आहे."

दोघांनाही वर बोलावलं होतं; त्यांनी वगीदाचं म्हणणं ऐकून मांडी ठोकली.

"एवढंच ना?" उम्म शाकिर म्हणाली. "मी सांगेन मी चेटकीण आहे. शाकिरच्या बायकोला विचारा, ती लगेच दुजोरा देईल."

"मी सांगेन की मी लोकांची कबुतरं भुलवून पळवतो," हाजी म्हणाला. "ते निम्मं खरंच आहे."

मग सगळ्यांनी बहीगा हानिमकडे बघितलं. हानिमने चहाच्या पेल्यातला पुदिना चमच्याने एका बाजूला केला.

"मला खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली.

हे कुणाला नवीन नव्हतं. लहानपणी तिला फ्रेंच नन्सच्या शाळेत घातलं होतं. तिथे सिस्टर क्लेमांस रोज झोपण्याआधी मुलींना वही लिहायला लावायच्या: आज काय केलंस ते लिही, काय करायला हवं होतं ते नको. शाळा सुटली, लग्न झालं, पती लुत्फी बे गेले, वही सुटली नाही, आणि वहीमुळे जीभही सरळ राहिली. उम्म शाकिरच्या नव्या पडद्यांचा रंग कच्च्या कलेजीसारखा दिसतो, हे सांगणारी इमारतीत ती एकटीच होती. भाजीवाला आणि गिऱ्हाईक भांडले की दोघं तिच्या बाल्कनीखाली येऊन उभे राहायचे. रागिबने हेच हेरलं होतं.

तो दुसऱ्याच दिवशी बसबूसाचा पुडा घेऊन आला. सोफ्याच्या काठावर बसला.

"हानिम, मी तुमच्याकडून काहीही मागत नाही. शपथेवर फक्त खरं सांगा. एवढंच."

"बसबूसा परत घेऊन जा," हानिम म्हणाली. "मला साखर चालत नाही."

"चालत नाही का?"

"चालते. तुमची नको."

तो गेल्यावर इन्शिराह वर आली. कपाळावर इस्त्रीच्या वाफेचे थेंब होते आणि ती नेहमीसारखी हसत नव्हती.

"हानिम, माझ्यासाठी खोटं बोलू नका. मी सांगते, देवाशप्पथ नको. तुम्ही खोटं बोललात तर मी सुटेन, पण मग रोज समोर तुमची बाल्कनी बघून मला शर्ट इस्त्री करता यायचे नाहीत."

"आणि खरं बोलले तर?"

इन्शिराहने खांदे उडवले. "मग काय? त्याच्या तारखा, माझा बाक. सवय झालीय. फक्त अब्बांचं दुकान जाईल. गिऱ्हाईक किती दिवस चुरगळलेलं फिरणार?"

त्या संध्याकाळी हानिम बराच वेळ वही उघडी ठेवून बसली. खोटं बोलायचं नाही. खरं बोलायचं तर पोरगी बुडते. मग तिला अगदी साधी गोष्ट सुचली, आणि इतक्या उशिरा सुचली म्हणून ती स्वतःवरच चिडली. जे खरं आहे तेच सांगायचं ना? मग खरं बदलता येईल की. तारखेला अजून अवकाश होता. तेवढ्या वेळात माणसाला वाईट शेजारी होता येणार नाही का?

वाईट होणं तिला वाटलं होतं त्यापेक्षा फार कठीण गेलं.

दुपारच्या झोपेच्या वेळी ती लसूण कुटायला लागली. उम्म शाकिर म्हणाली, "माझ्या आईच्या घराची आठवण आली. लहान मुलासारखी झोप लागली मला." तिने उम्म शाकिरकडून चाळणी मागून आणली आणि परत केली नाही. उम्म शाकिरने निरोप धाडला की मोठी चाळणीसुद्धा हवी असेल तर सांगा. तिने जिन्यात कचऱ्याची पिशवी ठेवली, तर दरवान अम्म बशंदीने ती उचलली आणि दोन दिवस तिच्यासाठी दुवा मागितली, कारण त्याला वाटलं हानिमचं डोकं फिरायला लागलं. शेवटी तिने हाजी मितवल्लीशी भांडायचं ठरवलं.

"हाजी," ती जिन्यात म्हणाली, "तुमची कबुतरं माझ्या कठड्यावर घाण करतात."

"माफ करा, हानिम. आत्ता पुसतो."

"पुसू नका. भांडा."

हाजीने फडकं खांद्यावर टाकलं. "काय म्हणून भांडू?"

"काहीही म्हणा. मला म्हातारी म्हणा."

"तुम्ही? म्हाताऱ्या?" हाजी मितवल्ली अवघडला. "जीभ झडेल माझी."

"मग मी म्हणते. तुम्ही कबुतरचोर आहात."

"हो ना," हाजी प्रसन्नपणे म्हणाला. "कालच एक भुलवलं. पांढरं, तुरेवालं. वर येता का बघायला?"

तिने ते पांढरं कबूतर जाऊन बघितलं. त्या संध्याकाळी वहीत लिहिलं: 'भांडण जमलं नाही. कबूतर सुंदर आहे.'

एक गोष्ट मात्र तिच्या मेहनतीने नव्हे, आपोआप जमली. महिना संपायला आला होता. हानिमने नेहमीप्रमाणे फरशीचं पाणी उम्म शाकिरच्या चादरींसाठी खाली सोडलं, आणि नेमक्या त्याच घटकेला रागिब पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत पडदा लावायला बाहेर आला. अंगावर नवाकोरा फिका सूट होता, कोर्टासाठी शिवलेला. पाणी चादरींपर्यंत पोचलंच नाही.

खाली उम्म शाकिरने टाळी वाजवली. वर हाजीने कबुतरांना शीळ घालायचं थांबवून कठड्यावरून वाकून बघितलं. समोर इन्शिराहच्या तोंडात पाणी होतं. ते फुर्रकन एका पांढऱ्या शर्टावर उडालं, आणि मग असं हसू आलं की कोपऱ्यावरचं कुत्रं नुसतं उभं राहिलं नाही, भुंकलंसुद्धा.

"वरील प्रकाराची," रागिब निथळत वर बघून ओरडला, "वरील प्रकाराची नोंद घेतली जाईल!"

"घ्या," हानिम वरून म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने डाग बसतो."

तारखेच्या दिवशी हानिमने लुत्फी बे गेल्यापासून न घातलेला राखाडी कोट काढला. कोट इन्शिराहनेच इस्त्री केलेला. कोर्टात गर्दी, पंखा एकच, आणि न्यायाधीश असे की दुपारच्या जेवणाआधी सगळं आटपावं ही इच्छा चेहऱ्यावर स्पष्ट. शेजारच्या बाकावर रागिब दुसऱ्या सुटात, मिशी कोरून बसलेला. त्याने वकील दिला नव्हता. आपलं काम आपणच बघतो, असं तो म्हणाला.

हानिमने शपथ घेतली. न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही या घराच्या शेजारीण. चांगल्या शेजारीण आहात का?"

"गेल्या महिन्यापर्यंत होते, साहेब."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "आणि आता?"

"आता मी दुपारी लोकांच्या झोपेच्या वेळी लसूण कुटते. खालच्या बाईच्या धुतलेल्या चादरींवर घाण पाणी टाकते. तिची चाळणी आणली ती परत केलेली नाही. वरच्या सभ्य गृहस्थांना मी चोर म्हणाले." तिने क्षणभर विचार केला. "ते त्यांनी कबूल केलं, पण मी ते चांगल्या हेतूने म्हटलं नव्हतं."

बाकांवर खसखस पिकली. न्यायाधीशांनी हात वर केला. "आणि हे सगळं का करता, बाई?"

वगीदाने डोळे मिटून घेतले. हा प्रश्न येऊ नये म्हणून तिने सकाळपासून देवाला विनवलं होतं. इन्शिराहने बाकाची कड घट्ट धरली होती. हानिमला ते दिसलं. लोखंड धरून धरून कडक झालेली बोटं, आणि नखांखालची निळीची रेघ. एवढ्या मोठ्या शपथेत एक लहानसं 'सहज' किंवा 'वय झालं' कुणाला कळलं असतं?

"कारण मला शपथेवर खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली, "आणि ही मुलगी त्या घरात जावी असं मला वाटत नाही. म्हणून खरोखरच वाईट व्हायचं ठरवलं."

वगीदाने डोळे उघडले नाहीत. इन्शिराहची बोटं सुटली. संपलं, असं तिला वाटलं असावं.

आणि इथे रागिबने गप्प बसायला हवं होतं. नुसतं बाकाला चिकटून राहिला असता तरी जिंकला असता. पण आयुष्यभर ज्याने हसण्याचीसुद्धा तक्रार नोंदवली, त्याला कबुली ऐकून खाली कसं बसवेल? तो ताडकन उठला.

"ऐकलंत, साहेब! लिहून घ्या! कबूल केलं! त्या बाईने माझ्या नव्या सुटावर घाण पाणी टाकलं, मुद्दाम!"

"तुमच्यावर मुद्दाम नव्हे," हानिम नेमकेपणाने म्हणाली. "चादरींवर मुद्दाम. तुम्ही मध्ये आलात."

"मध्ये आलो? साहेब, ती तळमजल्यावरची बाई टाळ्या वाजवत होती. तो कबुतरवाला वरून शिट्ट्या मारत होता! मी त्याच दिवशी ठाण्यात तिघांविरुद्ध तक्रार दिलेली आहे!"

"अच्छा?" न्यायाधीश जरा पुढे झुकले. जेवणाची घाई चेहऱ्यावरून गेली होती. "काय लिहिलं आहे तक्रारीत?"

रागिबने कॉलर नीट केली. ते वाक्य जमवायला त्याला अर्धा दिवस लागला होता आणि कुणीतरी ते विचारावं याची तो वाटच बघत होता. त्याने ते तोंडपाठ म्हटलं. "'सदर इमारतीतील रहिवासी भांडखोर, हलक्या वृत्तीचे व अविश्वासू असून त्यांच्या शेजारात प्रतिष्ठित माणसाची अब्रू क्षणभरही सुरक्षित नाही.'"

"वाक्य चांगलं आहे. तुमचंच?"

"माझंच, साहेब."

"आणि 'सज्जन व विश्वासू शेजाऱ्यांच्या मध्ये', हेही तुमचंच?"

"तेही माझं..." रागिब म्हणाला, आणि तोंड उघडंच राहिलं.

मग मागच्या बाकावरून इन्शिराहचं हसू आलं. आधी तिने रुमाल तोंडात कोंबून ते दाबायचा प्रयत्न केला, पण ते तसं दाबणारं हसू नव्हतंच. बाकावरच्या दुसऱ्या बायका हसल्या, दारातला शिपाई हसला, हाजी मितवल्ली इतका हसला की त्याला ठसका लागला आणि उम्म शाकिरने त्याच्या पाठीत धपाटे घातले.

"बाई, हे कोर्ट आहे," न्यायाधीश म्हणाले, आणि खाली वाकून बराच वेळ कागद शोधत राहिले.

रागिब हळूच म्हणाला, "साहेब, त्या हसण्याची नोंद..."

"बसा," न्यायाधीश म्हणाले.

ज्या शेजारात प्रतिष्ठित पुरुषाची अब्रू क्षणभर टिकत नाही, तिथे एकट्या बाईला राहायला लावणं कोर्टाला मान्य झालं नाही. इन्शिराहची हरकत टिकली. तिच्या हरकतीतच वगीदाने घटस्फोटाची मागणी जोडून ठेवली होती. त्यापुढे कोर्टाने दोन्हीकडची माणसं मध्यस्थीला बसवली. इन्शिराहच्या बाजूने तिचा मामा बसला. रागिबच्या बाजूने त्याचा थोरला भाऊ बसला. तो पहिल्याच बैठकीत म्हणाला, "आम्ही त्याला लहानपणी भातुकलीतसुद्धा घेत नव्हतो. डाव मोडला की आईकडे जायचा." तरी तारखा पडत गेल्या, कोर्ट म्हटल्यावर त्या पडायच्याच. उन्हाळा गेला, रमझान आला आणि गेला. पण आता इन्शिराह बाकावर एकटी नसायची. कधी उम्म शाकिर सोबत यायची, तर कधी बहीगा हानिम विणकाम घेऊन, आणि दुकानाच्या फळकुटापाशी अम्म बशंदी खुर्ची टाकून गिऱ्हाइकांना सांगायचा, "संध्याकाळी या, मॅडम कोर्टात जिंकायला गेल्यात."

रागिबला त्यांच्याकडे लक्ष द्यायला वेळ उरला नव्हता. पहिल्या मजल्याचं घर रिकामं करताना त्याचं घरमालकाशी बिनसलं होतं, आणि त्याने घरमालकावर दावा ठोकला होता. घरमालक स्वतः निवृत्त कारकून होता. उत्तरादाखल त्यानेही ठोकला. दोघं आता कोर्टाच्या व्हरांड्यात एकमेकांना विचारायचे, बाक टोचत नाही ना?

हानिमची एक सवय मात्र राहून गेली. दुपारी लसूण कुटला नाही तर उम्म शाकिरला झोप येईनाशी झाली होती. "अशी कशी शेजारीण तुम्ही?" ती खालून ओरडायची. "माणसाला डोळ्याला डोळा लागू देत नाही!" मग हानिमला उठून खलबत्ता घ्यावा लागायचा.

पुढच्या वर्षी मे संपता संपता, एका दुपारी, दारावर थाप पडली. इन्शिराह उभी होती. एका हातात कडक इस्त्री केलेला हानिमचा राखाडी कोट, दुसऱ्या हातात कागदाची पिशवी. पिशवीचा तळ ओला होऊन फाटायला आला होता. तिने काही सांगायच्या आधीच हानिमला वास आला.

"सकाळी निकाल लागला, हानिम. सुटले."

हानिमने पिशवीत बघितलं. पिवळे, लालसर गालांचे, निम्मे चेंदलेले जर्दाळू. मग तिच्याही तोंडून हसू निसटलं. इन्शिराहसारखं नव्हे, सिस्टर क्लेमांसच्या शाळेतलं, हातरुमालाएवढं. पण खाली दुकानापुढच्या कुत्र्याने कान टवकारले.

"त्याने तारीख बरोबर दिली होती म्हणायची," ती म्हणाली.

"अहो, तेवढ्या एकाच बाबतीत तो खरं बोलला!" इन्शिराहने कोट खुंटीला लावला. "लवकर खा हं. उद्यापर्यंत टिकायचे नाहीत."

त्या संध्याकाळी हानिमने वही उघडली, तारीख घातली, निकालाची एक ओळ लिहिली, आणि त्याखाली लिहिलं:

जर्दाळू फार पिकलेले, म्हणून मुरंबा घातला. साखर कमी पडली. उम्म शाकिरकडून वाटीभर आणली.